घराच्या आवारातील झाड काढण्यापूर्वी: पुण्यातील घरमालकांसाठी मार्गदर्शक

वळवाच्या पहिल्या वाऱ्यात शेजारच्या गल्लीतले एखादे झाड मोटारीवर आडवे झाले की, त्या आठवड्यात पुण्यातल्या अनेक घरमालकांना आपल्या आवारातले झाडही एकाएकी धोकादायक वाटू लागते. ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु भीतीच्या भरात घेतलेला निर्णय दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. एक तर निरोगी झाड विनाकारण जाते, किंवा आतून पोखरलेले झाड नुसत्या फांद्या छाटून तसेच उभे ठेवले जाते. झाड काढण्याच्या कामात प्रत्यक्ष करवत चालते तो वेळ फार थोडा असतो. त्याआधी झाडाचे नेमके काय बिघडले आहे ते ठरवणे, ते कागदावर मांडणे, परवानगी मिळवणे आणि योग्य माणसाकडे काम सोपवणे, यातच बहुतेक काम असते. पहिल्यांदाच या प्रसंगाला सामोरे जाणारे बंगल्यांचे मालक आणि गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: झाडाचे काय बिघडले आहे ते ठरवावे

निर्णयाची सुरुवात झाडाच्या बुंध्यापासून करावी, शेंड्यापासून नव्हे. जमिनीलगतच्या दोन-तीन फुटांत जे दिसते ते वरच्या पिवळ्या पानांपेक्षा अधिक महत्त्वाचे असते. बुंध्याशी अर्धवर्तुळाकार, कडक, तपकिरी रंगाची बुरशीची छत्रे उगवली असतील, तर मुळे किंवा बुंध्याचा आतला भाग कुजत असण्याची शक्यता मोठी असते. गुलमोहराच्या बाबतीत गॅनोडर्मा नावाच्या बुरशीमुळे हे वारंवार घडते आणि वरून हिरवेगार दिसणारे झाडही मुळातून मोडून पडते. बुंध्याभोवतीची माती एका बाजूने उचलली गेली आहे का, तिथे नवी भेग पडली आहे का, फरशी अलीकडेच वर आली आहे का, हेही पाहावे. झाड झुकलेले असणे हा स्वतंत्रपणे दोष नाही. इमारतीच्या सावलीतून उजेडाकडे वाढलेले झाड वर्षानुवर्षे तिरके उभे असते आणि त्याचे खोड पुढे वळून पुन्हा सरळ झालेले दिसते. मात्र मागच्या पावसाळ्यापर्यंत सरळ असलेले झाड या वर्षी कलले असेल आणि कलण्याच्या विरुद्ध बाजूची माती फाटली असेल, तर ते झाड पडण्याच्या वाटेवर आहे असे समजून चालावे.

ढोलीविषयी लोकांच्या मनात बराच गैरसमज असतो. झाडाचा जिवंत भाग सालीच्या आत बाहेरच्या वलयात असतो आणि मधला गाभा मुख्यतः आधाराचे काम करतो. त्यामुळे ढोली असूनही बाहेरचे लाकूड पुरेसे जाड आणि घट्ट असेल, तर झाड अनेक वर्षे उभे राहू शकते. लाकडी हातोड्याने खोडावर ठिकठिकाणी ठोकून पाहिले, तर घट्ट लाकडाचा आणि पोकळ भागाचा आवाज वेगळा येतो. यावरून ढोबळ अंदाज बांधता येतो, पण अंतिम निर्णय जाणकाराने पाहिल्यावरच घ्यावा. दोन मोठ्या फांद्या अरुंद कोनात एकमेकींना चिकटून वाढल्या असतील आणि मधे साल अडकून चीर पडली असेल, तर तो जोड कमकुवत असतो. अशा वेळी बहुधा संपूर्ण झाड नव्हे, तर त्यातली एक फांदी उतरवणे पुरेसे ठरते.

झाड वाळले आहे असे ठरवण्याची घाई करू नये. गुलमोहर, शिरीष, पांगारा, देवचाफा ही झाडे हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बराच काळ निष्पर्ण असतात. शिरीषावर तर नुसत्या वाळक्या शेंगा वाजत राहतात. बाहेरगावाहून पुण्यात नव्याने राहायला आलेल्या घरमालकाला असे झाड मेलेले वाटू शकते. बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आतून हिरवी आणि ओलसर निघाली तर झाड जिवंत आहे. शक्य असेल तर जूनच्या मध्यापर्यंत थांबावे, म्हणजे पालवी फुटते की नाही हे आपोआप कळते.

झाडाच्या जातीचाही विचार करावा. शेवगा, गिरिपुष्प, सुबाभूळ, पेल्टोफोरम, बूच आणि पिचकारी यांचे लाकूड तुलनेने ठिसूळ असते आणि वाऱ्यात त्यांच्या फांद्या लवकर मोडतात. चिंच, कडुनिंब किंवा आंबा यांच्याविषयी तितकी काळजी करावी लागत नाही. आंब्याला भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागली, किंवा नारळाला गेंड्या भुंग्याने अथवा सोंड्या भुंग्याने पोखरले, तर वेळीच उपचार करून झाड वाचवता येते. सोंड्या भुंगा नारळाच्या शेंड्यात खोलवर शिरल्यावर मात्र फारसे काही हाती राहत नाही.

जमिनीचाही प्रश्न आहे. पुण्याच्या टेकड्यांच्या उतारावर वसलेल्या वस्त्यांत थोड्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो, त्यामुळे मुळे खोल न जाता पसरतात. नदीकाठच्या भागात काळी माती आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तसेही बहुतेक झाडांची अन्नपाणी घेणारी मुळे जमिनीच्या वरच्या दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे गेलेली असतात. म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत झाडाजवळून जलवाहिनी, सांडपाण्याची वाहिनी किंवा केबल टाकण्यासाठी चर खोदला गेला होता का, रस्त्याचे काँक्रिटीकरण करताना एका बाजूची मुळे तोडली गेली का, हे आठवून पाहावे. माझ्या मते शहरात झाडे पडण्यामागे वाऱ्याइतकाच या चरांचाही हात आहे, आणि तक्रार करताना नेमकी हीच माहिती लोक सांगत नाहीत.

काढण्याशिवाय दुसरा मार्ग आहे का

घरमालकांच्या तक्रारी ऐकल्या, तर त्यांतल्या पुष्कळ तक्रारींना झाड काढणे हे उत्तर नसते. पानांनी पन्हाळी तुंबत असेल तर पन्हाळीवर जाळी बसवता येते. उजेड अडत असेल तर मधल्या काही फांद्या विरळ करता येतात. फांदी छपराला घासत असेल तर तेवढीच फांदी उतरवावी. मुळांनी फरशी उचलली असेल तर बुंध्याभोवतीची फरशी काढून किमान एक मीटर जागा मातीची ठेवावी. त्यामुळे फरशीचा प्रश्न सुटतो आणि झाडालाही पाणी मिळते. सांडपाण्याच्या वाहिनीत मुळे शिरली असतील, तर वाहिनी आधीच फुटलेली किंवा तिचा सांधा उघडलेला असतो. मुळे ओलाव्याच्या मागाने आत येतात. ती वाहिनी बदलली नाही, तर झाड काढूनही गळती तशीच राहील.

छाटणी करायची तर ती समजून करावी. शेंडा सरसकट उडवून झाडाचा ठोंब करण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे आणि ती झाडाचे फार नुकसान करते. अशा झाडाला कापल्या जागी दाटीने नवे फुटवे येतात, त्यांचा खोडाशी जोड वरवरचा असतो, आणि तीन-चार वर्षांनी तेच फुटवे जाड होऊन वाऱ्यात तुटतात. शिवाय उघड्या जखमेतून कूज आत उतरते. फांदी जिथून फुटते तिथे तिच्या तळाशी थोडा फुगीर भाग असतो. काप त्या फुगीर भागाच्या बाहेरून घ्यावा, तो भाग खरवडून टाकू नये आणि लांब खुंटही ठेवू नये. फांदी जड असेल तर आधी खालच्या बाजूने थोडा काप घ्यावा, म्हणजे ती पडताना खोडाची साल ओरबाडत नाही. एका बाजूच्याच फांद्या काढून झाडाचा तोल बिघडवणे हे तर सर्वांत वाईट, आणि हद्दीच्या भिंतीलगतच्या झाडांचे हेच होते.

झाड निरोगी असेल पण बांधकामाच्या आड येत असेल, तर पुनर्रोपणाचा विचार करता येतो. यासाठी आधी काही आठवडे मुळांभोवती टप्प्याटप्प्याने चर घेऊन मातीचा गोळा बांधावा लागतो, क्रेन लागते आणि नंतर दोन उन्हाळे नियमित पाणी द्यावे लागते. वड, पिंपळ, उंबर या जातींचे पुनर्रोपण तुलनेने चांगले साधते. म्हातारा आंबा किंवा मोठा गुलमोहर उचलून नेण्यात यश कमी येते.

कायदा कुठे आणि कसा लागू होतो

झाड आपल्या जागेत असले, आपण स्वतः लावले असले आणि कर आपण भरत असलो, तरी शहरी भागात परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. या कायद्यात झाड तोडणे याचा अर्थ केवळ बुंध्यावर करवत चालवणे इतका मर्यादित नाही. झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हे सर्व त्यात येते. म्हणून बुंध्याची साल गोलाकार सोलणे, मुळांत आम्ल किंवा उकळते पाणी ओतणे, भोक पाडून रसायन भरणे, खोडाला लागून सिमेंट ओतणे या गुप्त मार्गांनाही तोच गुन्हा लागतो. मोठ्या छाटणीसाठीही परवानगी घ्यावी लागते. दंड आणि तुरुंगवास या दोन्हींची तरतूद आहे. मुकादमाने किंवा मजुराने परस्पर केले, असे म्हणून मालकाची सुटका होत नाही.

२०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. प्रभात रस्ता, एरंडवणे, मुकुंदनगर अशा जुन्या भागांतल्या बंगल्यांत या वयाची झाडे सर्रास आहेत, त्यामुळे तिथल्या मालकांनी ही तरतूद विशेष लक्षात ठेवावी. याच सुधारणेनुसार, परवानगी मिळाल्यास तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावून ती सात वर्षे जगवण्याची जबाबदारी येते. चाळीस वर्षांचे झाड म्हणजे चाळीस रोपे. हा आकडा अर्ज करण्यापूर्वीच डोळ्यांसमोर असावा.

आपली जागा कोणाच्या हद्दीत येते ते आधी नक्की करावे. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरण आणि उद्यान विभाग हे काम पाहतात. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे प्राधिकरण स्वतंत्र आहे, तर पुणे आणि खडकी कटक मंडळांच्या (कँटोन्मेंट बोर्डांच्या) हद्दीत त्या त्या मंडळाकडे जावे लागते. शहराबाहेर ग्रामीण भागात शेतघर असेल, तर तिथे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, साग, चंदन अशी झाडे आहेत. चंदन आवारात असेल, तर ते काढण्याचा विचार मनात आला तरी आधी वन विभागाशी बोलावे. लाकडाच्या वाहतुकीचेही नियम आहेत आणि सागाचे ओंडके टेंपोत भरून निघाल्यावर ते आठवून उपयोग नसतो.

घरासमोरच्या पदपथावरचे झाड महापालिकेचे असते. त्याची सावली आपल्या अंगणात पडत असली तरी त्यावर आपला हक्क नाही. त्याविषयी तक्रार करता येते. स्वतः माणूस आणून ते तोडता येत नाही.

अर्ज करताना

अर्ज ऑनलाइन किंवा आपल्या भागातील क्षेत्रीय कार्यालयामार्फत उद्यान विभागाकडे करता येतो. सोबत मालकीचा पुरावा म्हणून मालमत्ता पत्रक किंवा सातबारा उतारा, मिळकतकराची पावती, जागेचा साधा नकाशा आणि झाडाची छायाचित्रे जोडावीत. जागा एकापेक्षा अधिक जणांच्या नावे असेल, तर सर्वांची लेखी संमती घ्यावी. भावाभावांतल्या वाटणीच्या वादात झाडाचा अर्ज अडकून पडल्याची उदाहरणे कमी नाहीत. भाडेकरूने मालकाच्या पत्राशिवाय अर्ज करू नये. गृहनिर्माण संस्थेत झाड कोणा एका सदनिकाधारकाचे नसते, मग ते त्याच्या खिडकीसमोर असले तरीही. तिथे सर्वसाधारण सभेत ठराव मांडून तो इतिवृत्तात नोंदवावा आणि अर्ज संस्थेच्या नावाने करावा. पुनर्विकासाला निघालेल्या संस्थांनी विशेष सावध राहावे: विकसकाने मांडलेल्या आराखड्यात किती झाडे राखली आहेत, किती हलवायची आहेत आणि किती काढायची आहेत, हे करारावर सही करण्यापूर्वी सभासदांनी लेखी मागून घ्यावे, कारण नंतर ती माहिती सभासदांना झाडावर चिकटवलेल्या नोटिशीतूनच कळते.

अर्जातील मजकूर मोघम नसावा. "झाड धोकादायक आहे, तरी तोडण्यास परवानगी मिळावी" एवढ्या एका वाक्यावर पाहणीला आलेला अधिकारी काही ठरवू शकत नाही. त्याऐवजी असे लिहावे: "आमच्या आवाराच्या उत्तरेकडील भिंतीपासून चार फुटांवर एक गुलमोहर असून, जमिनीपासून साधारण चार फुटांवर त्याचा घेर सहा फूट आहे. त्याच्या बुंध्याशी बुरशीची छत्रे उगवली आहेत. गेल्या पावसाळ्यापासून झाड रस्त्याच्या बाजूला कलले असून भिंतीकडील मातीत भेग पडली आहे. झाडाखालून शाळेतील मुलांची ये-जा असते. तरी पाहणी करून झाड काढण्याची किंवा योग्य वाटल्यास छाटणीची परवानगी द्यावी." या मजकुरात झाडाची जात, जागा, घेर, दोष, तो कधीपासून आहे आणि धोका कोणाला आहे, हे सर्व आले आहे. छायाचित्रे तीन प्रकारची असावीत: संपूर्ण झाड आणि घर एकत्र दिसणारे, बुंध्याचे जवळून घेतलेले, आणि दोष स्पष्ट दाखवणारे. अर्जाचा क्रमांक व पोच जपून ठेवावी.

यानंतर वृक्ष अधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी पाहणीला येतात. त्या वेळी मालकाने स्वतः हजर राहावे आणि झाडाचा इतिहास सांगावा. तोडण्याचा प्रस्ताव पुढे गेल्यास वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली जाते आणि झाडावरही नोटीस लावली जाते, जेणेकरून नागरिकांना हरकत घेता यावी. कोणी हरकत घेतली तर ती वैयक्तिक वैर समजू नये. शेजाऱ्यांना झाडाविषयी वाटणारी आस्था खरी असते, आणि कित्येकदा त्यांच्या सूचनेतून छाटणीवर भागणारा मध्यम मार्ग निघतो. या सगळ्याला वेळ लागतो हे गृहीत धरून अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा. म्हणजे हिवाळ्यात पाहणी होते आणि वळवाचे दिवस येण्यापूर्वी काम उरकते. एप्रिलमध्ये जाग येणाऱ्यांची रांग मोठी असते.

परवानगीचे पत्र हाती आल्यावर ते शब्दशः वाचावे. कोणते झाड, किती झाडे, तोडणी की छाटणी, पत्र मिळाल्यानंतर किती दिवस थांबायचे, परवानगी कधीपर्यंत वैध आहे, अनामत रक्कम किती आणि बदली रोपे किती, हे सर्व त्यात असते. छाटणीच्या पत्रावर झाड काढून टाकणे म्हणजे विनापरवाना तोडणीच आहे.

घरटी

झाडावर पक्ष्यांचा संसार असेल तर काम पुढे ढकलावे. घारीचे घरटे हिवाळ्यात असते. कावळ्यांची वीण उन्हाळ्यात सुरू होते आणि कोकिळेची पिल्लेही त्याच घरट्यांत वाढतात. बगळे आणि ढोकरी पावसाळ्यात वसाहत करतात. ढोलीत पोपट, पिंगळा किंवा धनेश असू शकतो, आणि तो खालून दिसत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे घरटी आणि अंडी यांना संरक्षण आहे, त्यामुळे ही केवळ भूतदयेची बाब राहत नाही. काम ठरवण्यापूर्वी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ झाडाकडे लक्ष ठेवावे. कामाच्या वेळी जखमी पक्षी किंवा पिल्ले सापडली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मोठे आग्या मोहोळ असल्यास ते जाणकाराकडूनच हलवावे. धूर करून मजुरांना वर चढवणे जीवघेणे ठरते.

काम कोणाला द्यावे

वादळानंतर दारोदार फिरून "परवानगीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त हो म्हणा" असे सांगणाऱ्या माणसाला काम देऊ नये. कायदेशीर जबाबदारी मालकावर राहते आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी सापडत नाही. निदान दोघांना जागेवर बोलावून झाड दाखवावे आणि लेखी अंदाज घ्यावा. जो माणूस झाडाभोवती एकदा फिरून, तारा, टाक्या, भिंत, गेट आणि ओंडके बाहेर नेण्याची वाट पाहून मग भाव सांगतो, त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा.

भावात काय धरले आहे ते स्पष्ट करून घ्यावे, कारण वाद इथेच होतात. फांद्या आणि पाला कोण नेणार, बुंधा जमिनीपासून किती उंचीवर कापणार, लाकूड कोणाचे, क्रेन लागली तर तिचे पैसे कोण देणार, आणि भिंत, पाण्याची टाकी किंवा शेजाऱ्याचे पत्रे फुटले तर भरपाई कोण करणार? आंबा, शिरीष, साग यांच्या लाकडाला वखारीत किंमत येते, म्हणून काही ठेकेदार लाकडाच्या बदल्यात मजुरी कमी करतात. हे चालेल, पण किंमत आधी ठरवावी. आणि ज्या ठेकेदाराला लाकडातून पैसे मिळणार आहेत, त्याचे "हे झाड तोडलेच पाहिजे" हे मत पुरावा म्हणून धरू नये. मजुरांच्या अपघात विम्याची विचारणा संकोच न करता करावी. उंचावर काम करणाऱ्या माणसाचे कुटुंब त्या एका कागदावर अवलंबून असते. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये.

वड, पिंपळ किंवा उंबर तोडायला काही कामगार तयार होत नाहीत, किंवा आधी नारळ फोडून नमस्कार करतात. त्यांच्या भावनेचा मान राखावा. भिंतीच्या चिरेत किंवा गच्चीच्या कोपऱ्यात उगवलेल्या पिंपळाकडे मात्र कोवळेपणीच लक्ष द्यावे. बोटाएवढी मुळी चिरेतून सहज निघते. मनगटाएवढी झाली की भिंत उतरवावी लागते आणि परवानगीचाही प्रश्न येतो.

तोडण्याच्या दिवशी

विजेच्या तारा फांद्यांच्या जवळून जात असतील तर महावितरणकडे आधी लेखी अर्ज करून त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्यावा. तार झाडाला टेकलेली नसली तरी ओली फांदी पडताना तिच्यावर येऊ शकते. इंटरनेटच्या केबल बाजूला करून घ्याव्यात. शेजाऱ्यांना दोन दिवस आधी सांगून गाड्या हलवाव्यात आणि रस्त्याचा भाग अडवावा लागणार असेल तर वाहतूक पोलिसांची परवानगी घ्यावी. परवानगीच्या पत्राची प्रत गेटवर लावावी, म्हणजे येणारे-जाणारे काळजीने चौकशी करतात तेव्हा उत्तर तयार असते.

दाट वस्तीत झाड बुंध्यापासून एकदम पाडण्याइतकी जागा नसते. म्हणून वरून खाली तुकड्यातुकड्याने काम करावे लागते. वर चढलेला माणूस कंबरपट्ट्याने खोडाला बांधलेला असावा. कापायच्या फांदीला आधी दोर बांधून तो वरच्या मजबूत फांदीवरून खाली सोडलेला असावा आणि खालचा माणूस तो दोर हळूहळू ढिला करत फांदी उतरवत असावा. शिडीवर उभे राहून यांत्रिक करवत चालवू देऊ नये. शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बूट नसतील तर काम थांबवण्याचा अधिकार मालकाला आहे, आणि तो वापरावा. साल ओली असताना किंवा वारा असताना काम पुढे ढकलावे. घरातील कोणीही दोर धरायला किंवा फांद्या उचलायला झाडाखाली जाऊ नये; मुले आणि पाळीव प्राणी घरात ठेवावेत. सर्वांत जास्त अपघात शेवटच्या तासात होतात, जेव्हा मोठे काम संपले असे वाटून सगळे सैल होतात आणि जड ओंडका घरंगळतो.

झाड वादळात पडलेच असेल तर

अशा वेळी क्रम वेगळा असतो. झाडात वीजवाहक तार अडकली आहे का, हे पाहिल्याशिवाय जवळ जाऊ नये. महावितरणला १९१२ वर आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. वाहन किंवा घराचे नुकसान झाले असल्यास काहीही हलवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, पंचनामा करून घ्यावा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. आडवे पडलेले खोड ताणाखाली असते. ते चुकीच्या जागी कापले तर झटक्याने उसळते किंवा मुळांसह उचललेला बुंधा पुन्हा खड्ड्यात बसतो, म्हणून हे काम उत्साही शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडू नये. अर्धवट मोडून वर लटकलेल्या फांद्या दुसऱ्या वाऱ्याची वाट पाहत असतात. त्या आधी उतरवाव्यात. झाड पडल्याची माहिती उद्यान विभागाला लेखी द्यावी, म्हणजे पुढे ते तोडले असा आरोप येत नाही.

बुंधा, मुळे आणि खड्डा

बुंधा जमिनीसपाट कापून सोडला तर सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प यांना पुन्हा फुटवे येतात. ते कोवळे असतानाच वारंवार खुडत राहिले की मुळांतला साठा संपतो आणि बुंधा मरतो. मीठ, डिझेल किंवा आम्ल ओतू नये, कारण त्याने शेजारच्या झाडांची मुळे आणि माती दोन्ही खराब होतात. घराला लागून असलेला कुजका बुंधा वाळवीला आमंत्रण देतो, म्हणून तो यंत्राने भुसा करून काढणे चांगले. भिंतीपासून तीन-चार फुटांतला बुंधा मात्र जेसीबीने उपटू नये. जाड मुळे भिंतीच्या पायाखाली गेलेली असतात आणि बुंध्याबरोबर भिंतही हलते. जमिनीत राहिलेली मुळे पुढे काही वर्षे कुजत राहतात, त्यामुळे तिथली जागा खचते. त्यावर लगेच पक्की फरशी घालू नये.

काळ्या मातीच्या जागेत आणखी एक गोष्ट घडते. मोठे झाड वर्षानुवर्षे जमिनीतले पाणी ओढत असते. ते गेल्यावर माती अधिक ओली राहून फुगते आणि जवळच्या हलक्या पायाच्या बांधकामाला तडे जाऊ शकतात. घराच्या अगदी जवळचे जुने झाड काढायचे असेल, तर स्थापत्य अभियंत्याला आधी विचारावे.

निघालेला पाला आणि बारीक फांद्या जाळू नयेत. आवारात जागा असेल तर त्यांचे खत होते, आणि तेच नव्या रोपांना घालता येते.

बदली रोपे

रोपे लावायला जुलै महिना चांगला, कारण मुळे धरेपर्यंत पाऊस साथ देतो. वीतभर उंचीच्या रोपांऐवजी ६ ते ८ फूट उंचीची, रोपवाटिकेत नीट वाढवलेली रोपे घ्यावीत. लहान आवारात बहावा, तामण, कांचन, बकुळ, सीताअशोक किंवा पारिजातक लावावा. घर, तारा आणि वाहिन्या यांच्यापासूनचे अंतर झाडाच्या पूर्ण वाढलेल्या आकाराचा विचार करून ठरवावे. जुन्या बुंध्याच्या नेमक्या जागी लावू नये, विशेषतः पहिले झाड बुरशीने गेले असेल तर. आवारात सगळी रोपे मावत नसतील, तर दुसरी कोणती जागा चालेल हे उद्यान विभागाला परवानगीच्या वेळीच विचारून पत्रात लिहून घ्यावे. पहिले तीन उन्हाळे नियमित पाणी द्यावे आणि काठीचा आधार सैल बांधावा, म्हणजे दोरी सालीत रुतत नाही. प्रत्येक रोपाचे लावण्याच्या दिवशी आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी तारखेसह छायाचित्र काढून परवानगीच्या पत्रासोबत एकाच फाइलमध्ये ठेवावे. एखादे रोप मेले तर त्याच जागी दुसरे लावून तशी नोंद करावी. अनामत रक्कम परत मागताना हीच फाइल लागते आणि घर विकले गेले तर ती नव्या मालकाच्या हाती द्यावी.